सीपॅपचा मास्क सोसत नसेल, तर छातीत बसवायच्या इम्प्लांटचा विचार करावा का?

प्रश्न : केळीकाठचा मास्तर (यावल तालुका)

नमस्कार. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आम्ही सगळे अप्पा म्हणतो, त्यांच्याविषयी विचारायचे आहे. वय 54, उंची 170 सेंटिमीटर, वजन 92 किलो, आणि रक्तदाबाची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. अप्पा इतके घोरतात की उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला गेलो की शेजारच्या गच्चीवरचे लोक आपली खाट उचलून पलीकडच्या कडेला नेतात, आणि हा आमच्याकडे वर्षानुवर्षे थट्टेचा विषय होता. ती थट्टा गेल्या माघात संपली. फैजपूरहून मोटारसायकलवर परत येताना त्यांना भरदुपारी डुलकी लागली आणि गाडी चारीत गेली. खांद्यावर निभावले, पण त्यानंतर जळगावला जाऊन स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी, करून घेतली. झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) निघाला. एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा, 41 आला आणि रक्तातला ऑक्सिजन रात्रीतून 74 टक्क्यांपर्यंत उतरत होता. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन झोपेत घसा उघडा ठेवणारे, मशीन लिहून दिले आणि आम्ही ते घेतले.

आता आठ महिने झाले, पण मशीनचा वापर म्हणावा तसा होत नाही. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा आहे. वैशाखात पारा 45 च्या घरात असताना त्याच्या रबराखाली घामाची धार लागते. वीज गेली की मशीन बंद पडते. त्यातही शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की अप्पा एक-दीडला उठून मोटार सुरू करायला शेतात जातात, आणि परत आल्यावर मास्क पुन्हा लावत नाहीत. एकदा मी पहाटे डोकावून पाहिले, तर मशीन चालूच होते, मास्क उशीवर फुसफुसत पडला होता आणि अप्पा त्याच्याकडे पाठ करून घोरत होते.

भाच्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली, तिच्यात छातीत यंत्र बसवून जीभ पुढे सरकवतात असे दाखवले आहे. तेव्हापासून अप्पांनी एकच धोशा लावला आहे की बागेचे पैसे हातात आले की पेसमेकरसारखे ते बसवून टाकू आणि मास्कचे झंझट संपवू. दुसरीकडे एका दवाखान्यात आम्हाला सांगितले की टाळूत छोटे इम्प्लांट बसवले तरी काम होईल, आणि ते पुष्कळ स्वस्त आहे. हे दोन्ही एकच आहेत का? आणि अप्पांसाठी यांपैकी काही योग्य ठरेल का?

उत्तर 1 : रात्रपाळी (जळगाव)

सर, मी अकरा वर्षे स्लीप स्टडीच्या खोलीत रुग्णांना तारा लावण्याचे काम करतो. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे त्या मर्यादेत वाचावे. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र मुळीच एक नाहीत, आणि घोटाळा इथेच होतो.

टाळूतले इम्प्लांट म्हणजे पॉलिएस्टरच्या तीन बारीक काड्या, प्रत्येकी सुमारे 18 मिलिमीटर लांबीच्या, मऊ टाळूत सुईने बसवतात. टाळू थोडा ताठ व्हावा आणि फडफडू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो. घोरणे आणि फार तर सौम्य ते मध्यम आजार एवढाच त्यांचा आवाका आहे. तासाला 5 ते 15 वेळा श्वास अडला तर आजार सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र, अशी सर्वसाधारण मोजणी असते. ज्यांचा श्वास तासाला 41 वेळा अडतो त्यांना केवळ या काड्यांच्या भरवशावर ठेवणे मला तरी पटत नाही. घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास मोकळा झाला असे होत नाही, उलट घरचे निर्धास्त होतात.

छातीतले यंत्र हा वेगळाच प्रकार आहे. झोपेत जिभेचा स्नायू सैल पडून जीभ मागे घशात कोसळते. जीभ पुढे ढकलणारी जी नस आहे, म्हणजे हायपोग्लॉसल, तिच्या शाखांभोवती हनुवटीखाली एक तार गुंडाळतात आणि उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीआड बॅटरी बसवतात. बरगड्यांमधला एक सेन्सर श्वास ओळखतो आणि श्वास आत घेण्याच्या वेळी नसेला हलका विजेचा झटका मिळतो, त्याने जीभ पुढे सरकते. अलीकडच्या आवृत्तीत सेन्सरची वेगळी तार लागत नाही. इन्स्पायर नावाच्या या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 साली मान्यता दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 126 रुग्ण होते, सगळे सीपॅप न सोसलेले. वर्षभरात त्यांचा मध्यक एएचआय 29.3 वरून 9 वर आला. आकडा चांगला आहे, पण सुमारे दोन तृतीयांश लोकांनाच ठरवलेल्या मापाइतका गुण आला, हेही त्याच चाचणीत आहे. शिवाय त्या चाचणीत बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 32 च्या वरचे रुग्ण घेतलेच नव्हते. अप्पांचा बीएमआय 31.8 भरतो, म्हणजे ते अगदी उंबऱ्यावर आहेत.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे घसा नेमका कुठे आणि कसा मिटतो, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी औषधाने झोप आणून नाकातून दुर्बीण घालतात. टाळूच्या पातळीवर घसा पुढून-मागून मिटत असेल तर या यंत्राचा उपयोग होतो. बटव्याची नाडी ओढावी तसा चहूबाजूंनी मिटत असेल तर अशा रुग्णाला ते बसवत नाहीत. स्लीप स्टडीच्या कागदावर ‘सेंट्रल’ असा रकानाही बघा. तिथला वाटा मोठा असेल तर दोष घशाचा नसून मेंदूकडून येणाऱ्या हुकमाचा असतो, आणि मग जिभेच्या नसेवरच्या इलाजाला अर्थ उरत नाही.

उत्तर 2 : पांझरेकाठची (धुळे)

दादा, माझे मोठे दीर न्यू जर्सीत असतात आणि 2022 मध्ये त्यांनी हे यंत्र बसवून घेतले. गेल्या दिवाळीत ते घरी आले होते, तेव्हा मी ते जवळून पाहिले. दोन व्रण आहेत, एक हनुवटीखाली आणि एक छातीवर. रात्री झोपताना ते हातात मावेल असा रिमोट छातीवर टेकवून बटण दाबतात. माझ्या मुलाने हट्ट धरला म्हणून त्यांनी दिवसा चालू करून दाखवले: तोंड किंचित उघडे ठेवून बसले आणि एका ठेक्यात जीभ आपोआप खालच्या दातांवर येऊन परत जाऊ लागली. सासूबाईंना ते बघवले नाही, त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवसापासून आराम पडला असे मात्र नाही. जखम भरायला महिना गेला, मग यंत्र चालू केले, मग ते स्वतः एकेक पायरी जोर वाढवत गेले, आणि शेवटी दवाखान्यात पुन्हा एक रात्र झोपवून योग्य जोर ठरवला. सुरुवातीला जीभ दातावर घासून सोलवटायची, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून दाताची कड गुळगुळीत करून घ्यावी लागली. बॅटरी साधारण अकरा वर्षे चालते असे त्यांना सांगितले आहे, म्हणजे पुढे कधीतरी ती बदलायला छातीवर पुन्हा छोटी चीर आलीच. एमआरआय काढायचा झाला तर आधी यंत्राचे कार्ड दाखवावे लागते.

अप्पांच्या बाबतीत मला खटकते ते एवढेच, की रात्री दीडला उठून शेतात जाणारा माणूस परत आल्यावर मास्क लावत नसेल, तर तो रिमोटचे बटण दाबेल का? माझे दीर रात्री पाणी प्यायला उठले तरी यंत्र थांबवतात आणि पुन्हा चालू होईपर्यंतचा वेळही त्यांनी नेमून घेतला आहे. यंत्र अंगात असले तरी रोज रात्री त्याची आठवण ठेवावीच लागते. त्यांच्या खर्चाचा मोठा भाग तिथल्या विम्याने उचलला. बागेच्या पैशांवर हिशेब मांडण्याआधी यंत्र, शस्त्रक्रिया, नंतरच्या स्लीप स्टडी आणि पुढची बॅटरी हे सगळे लेखी मागून घ्या.

उत्तर 3 : निवृत्त लोको पायलट (भुसावळ)

गुरुजी, मी सहा वर्षे सीपॅप वापरतो आहे आणि पहिले चार महिने मीही तुमच्या अप्पांसारखेच केले. माझी गाडी रुळावर आली ती मास्क बदलल्यावर. मलाही नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क दिला होता, कारण मी तोंडाने श्वास घेत होतो. आणि तोंडाने का घेत होतो, तर नाक चोंदलेले होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला, नाक मोकळे झाले आणि मग फक्त नाकपुड्यांना टेकणारा छोटा मास्क चालला. त्याने गालाला काही लागत नाही, घाम येत नाही. मिशी मात्र थोडी छाटावी लागली, कारण मिशीतून हवा गळते.

विजेसाठी मशीन घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, पण तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना हे विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. पाण्याची टाकी गरम करणारा भाग बंद ठेवला तर मशीन फारच कमी वीज खाते आणि बॅटरी रात्रभर पुरते. आमच्याकडे पावसाळ्यात त्या भागाची गरजही पडत नाही. उन्हाळ्यात नाक कोरडे पडते तेव्हा कूलरच्या खोलीत निभते. पहिले पंधरा दिवस मी संध्याकाळी बातम्या बघताना मास्क लावून बसायचो, नातवंडे हसायची, पण त्याने अंगाला सवय झाली.

आणि मोटारीला मोबाइलवरचा स्टार्टर बसवा. छातीत यंत्र बसवण्यापेक्षा विहिरीवर यंत्र बसवणे केव्हाही स्वस्त.

प्रश्नकर्ता : केळीकाठचा मास्तर

तिघांचे आभार. रात्रपाळी यांच्या सांगण्यावरून कागद काढून पाहिला. ‘सेंट्रल’च्या रकान्यात तासाला 2 असे आहे, बाकी सगळे अडथळ्याचे. धुळ्याच्या ताईंचा बटणाचा प्रश्न मी अप्पांना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मोटारीचं बघ आधी.” स्टार्टरवाल्याला परवा बोलावले आहे. नाकाची तपासणी करून घ्यायलाही ते तयार झाले आहेत. टाळूच्या काड्यांचा विषय आम्ही सोडला आहे.

एक शंका राहिली. नवा मास्क घेतल्यावर गुण येतो की नाही हे किती दिवसांनी आणि कशावरून ठरवायचे? अप्पा स्वतः “बरं आहे” एवढेच सांगतात.

उत्तर 4 : रात्रपाळी (जळगाव)

सर, अप्पांना विचारू नका, मशीनला विचारा. त्यात मेमरी कार्ड असते. कार्डावर रोज किती तास वापर झाला, हवा किती गळली आणि उरलेला एएचआय किती, हे सगळे नोंदलेले असते. महिनाभर छोटा मास्क वापरून ते कार्ड डॉक्टरांना दाखवा. निदान 70 टक्के रात्री चार तासांच्या वर वापर, हे सर्वसाधारणपणे किमान धरतात, पण तुम्ही पूर्ण रात्रीचाच आग्रह धरा, कारण स्वप्नांची झोप पहाटेच्या तासांत जास्त असते आणि पुष्कळ जणांचा श्वास नेमका त्याच झोपेत सर्वाधिक अडतो. वजन सात-आठ किलोने उतरले तर मशीनचा दाबही पुन्हा ठरवून घ्यावा लागेल. एवढे करूनही वापर होत नसेल, तर मग दुर्बिणीच्या तपासणीची वेळ घ्या. त्या वेळी हेच कार्ड तुमच्या हातात असलेले बरे, कारण इम्प्लांटचा विचार करणारा डॉक्टर पहिल्यांदा तेच मागेल. आणि तोवर अप्पांच्या हातात मोटारसायकलची किल्ली देऊ नका.