२५० जीबीचा एसएसडी मध्येच मंदावतो: ५०० घ्यावा की १ टीबी?

फोंडा_फ्रेम्स:
शिगम्याच्या मिरवणुकीचं १०० जीबी फुटेज पोर्टेबल एसएसडीवरून लॅपटॉपवर घ्यायचं असतं. आतला ड्राइव्ह २५० जीबी, एनव्हीएमई (वेगवान जोडणीचा एसएसडी), टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारा). कॉपी जोरात सुरू होते, दहा-बारा जीबीनंतर सेकंदाला ३०० एमबीवर येऊन बसते. ड्राइव्ह गेला म्हणायचा का?

सोल्डरवाला_मडगाव:
नाही बाब, धडधाकट आहे, फक्त लहान आहे. कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) एकाच वेळी अनेक नँड डायवर, म्हणजे साठवणीच्या सिलिकॉन तुकड्यांवर, लिहितो. डाय कमी, की लिहिण्याचा वेग कमी. वाचायला मुळातच कमी वेळ लागतो, म्हणून तिथे फरक फारसा जाणवत नाही.

सॅमसंग ९७० इव्होचे कंपनीचेच आकडे बघा. वाचन २५० जीबी आणि १ टीबी दोन्हींचं ३४०० एमबी. लेखन मात्र १५०० आणि २५००. तेही एसएलसी कॅशे (आधी झटपट लिहून घ्यायची तात्पुरती जागा) भरेपर्यंत! २५० वाल्याचा कॅशे १३ जीबी, तो संपला की ३००. १ टीबीचा ४२ जीबी, नंतरही १२००. म्हणजे तुमचे १०० जीबी लहान ड्राइव्हवर पाच मिनिटं खाणार. १ टीबीवर तुमच्या पोर्टेबल एसएसडीच्या यूएसबीची १००० ची मर्यादाच आधी आडवी येईल, दोन मिनिटांत काम होईल. टीबीडब्ल्यूही (एकूण किती टीबी लिहिता येईल याची वॉरंटीतली मर्यादा) १५० चा ६००.

बार्देशकर_पीसी:
यावरून २ टीबी घेऊ नका हं. त्याच मालिकेत २ टीबीचं लेखनही २५००च. कंट्रोलरचे चॅनेल (डायकडे जाणाऱ्या वाटा) भरले की पुढे फक्त जागा वाढते. नुसत्या जीबीवरही जाऊ नका: २०२२ च्या एम२ मॅकबुक एअरमध्ये २५६ जीबीला एकच नँड चिप होती, आधीच्या एम१ मध्ये दोन. वेग जवळपास निम्म्यावर आला.

क्यूएलसी (एका पेशीत चार बिट, लिहायला आणखी हळू) टाळा, विशेषतः ड्राइव्ह कायम भरलेला राहत असेल तर. बऱ्याच ड्राइव्हमध्ये कॅशे रिकाम्या जागेतूनच घेतला जातो. १५-२० टक्के मोकळी ठेवा.

फोंडा_फ्रेम्स:
मग टीएलसी, १ टीबी. कॅमेऱ्याच्या कार्डवरून थेट घेतलं तर?

सोल्डरवाला_मडगाव:
यूएचएस-१ (एसडी कार्डाचा वेगाचा प्रकार) कार्ड साध्या रीडरमध्ये सेकंदाला १०४ एमबीच्या वर जात नाही, तिथे ड्राइव्ह बदलून काडीचा फायदा नाही. रीडर यूएसबी २ चा असेल तर आधी तो फेका.

खरेदीआधी लॅपटॉपमधला स्लॉट उघडून लांबी बघा, २२८० (८० मिमी) की २२४२ (४२ मिमी). बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्ह-कुलूप) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. नवा ड्राइव्ह एनव्हीएमई एन्क्लोजरमध्ये (यूएसबीला जोडायच्या डबीत) घालून जुन्याची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन, करा, मगच अदलाबदल. आणि पावसाळ्यात हे करत असाल तर चार्जर लावलेला असला तरी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. क्लोन अर्ध्यात तुटला तर पुन्हा पहिल्यापासून.