शब्दचर्चा : ‘सीमामूल्य’, आणि ‘पर्यंत’ म्हणजे नेमके कुठपर्यंत?

प्रश्न : सॉफ्टवेअरच्या चाचण्यांविषयी मराठीत टिपणे लिहिताना ‘बाउंड्री व्हॅल्यू टेस्टिंग’ (अट जेथे बदलते, तेथले आकडे टाकून प्रोग्राम तपासणे) या संज्ञेपाशी अडले आहे. ‘सीमामूल्य चाचणी’ म्हणावे, की ‘मर्यादा’ किंवा ‘हद्द’ यांपैकी एखादा शब्द अधिक नेमका ठरेल? शिवाय शाळेत आपण ‘क्ष ची किंमत काढा’ असे म्हणत आलो आहोत. मग येथेच ‘मूल्य’ कशासाठी?

प्रतिसाद : ‘मर्यादा’ टाळावी, कारण ती पाळण्याची किंवा सोडण्याची गोष्ट आहे. पोलीस ठाण्याची ‘हद्द’ म्हणजे रेघ नव्हे, तर तिच्या आतला सगळा प्रदेश असतो, म्हणून तोही शब्द येथे बसत नाही. खरा जवळचा शब्द ‘शीव’. दसऱ्याच्या सीमोल्लंघनात ओलांडायची ती हीच. मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. गावाची शीव ही दोन गावांमधली रेघ असते, तर पूर्णांकांत १०० आणि १०१ यांच्यामध्ये रेघ मारायला जागाच नसते. त्यामुळे चाचणी घेणारा रेघ तपासत नाही. तो रेघेच्या अलीकडचा शेवटचा आणि पलीकडचा पहिला असे दोन आकडे घेतो. ‘सीमामूल्य’ म्हणजे हे आकडे. ‘सीमा’ संस्कृत असल्याने समासात ‘मूल्य’ शोभते; स्पष्टीकरणात ‘किंमत’ खुशाल वापरावी. शेताच्या मधोमध सहसा तंटा होत नाही, तो बांधावर होतो, एवढे सांगितले तरी या पद्धतीमागचे कारण वाचकाच्या लक्षात येईल.

प्रतिसाद : नामावर एकमत होईल, माझ्या मते खरी अडचण शब्दयोगी अव्ययांची आहे. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज स्वीकारले जातील’ यात शुक्रवार धरायचा की नाही? कार्यालयात बहुधा धरतात. पण ‘शुक्रवारपर्यंत मी रजेवर आहे’ असे कोणी म्हटले, तर तो शुक्रवारी भेटेल की शनिवारी, हे त्यालाच विचारावे लागते. याउलट ‘३१ मार्चअखेर’ म्हटले की ३१ तारीख धरलीच. ‘किमान’ आणि ‘कमाल’ यांतही तो आकडा धरलेला असतो, तर ‘शंभराच्या आत’ म्हणताना शंभर सहसा बाहेर राहतो (‘शंभराच्या आतबाहेर’ म्हणजे तर केवळ अंदाज, तेथे चाचणी काय घेणार!). वयाचे आणखी वेगळे आहे. ‘अठरावे लागले’ म्हणजे सतरा पूर्ण झाली. संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात मतदाराचे वय अठरा वर्षांपेक्षा कमी नसावे असे आहे, पण आपण सर्रास ‘१८ वर्षांवरील’ लिहितो आणि शब्दशः वाचणारा प्रोग्रामर अठराच्या मुलाला वगळून मोकळा होतो. १ जानेवारी २०२६ ही अर्हता दिनांक (मतदाराचे वय ज्या दिवशी मोजतात ती तारीख) धरली, तर १ जानेवारी २००८ रोजी जन्मलेली मुलगी पात्र आणि २ जानेवारीला जन्मलेली अपात्र. चाचणीत या दोन तारखा हव्यातच. १९९५ सालचा जन्म घेऊन तपासल्यास काहीच कळत नाही.

प्रतिसाद : वरील मताशी सहमत आहे, परंतु सीमेवरचा आकडा घेतला की चूक सापडलीच, असे समजू नये. मी एकदा वीजबिलाच्या हिशेबाची चाचणी घेत होतो. घरगुती दराचे टप्पे ०–१००, १०१–३००, ३०१–५०० आणि त्यापुढे असे होते. मागणीपत्रात, म्हणजे प्रोग्रामने काय करावे हे सांगणाऱ्या कागदात, ‘१०० युनिटपर्यंत पहिला दर’ असे होते आणि प्रोग्राममध्ये ‘१०० पेक्षा कमी’ अशी अट होती. मी १०० युनिट टाकले, बिल बरोबर आले. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला : अट पूर्ण न झाल्यास प्रोग्राम ज्या दुसऱ्या फांदीत जातो, तिच्यातही पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागत होता आणि दुसऱ्या दराने शून्य युनिट मोजले जात होते, त्यामुळे दोन्ही वाटांनी रक्कम एकच येत होती. त्याच अटीवर पुढे एक सवलत मात्र अवलंबून होती आणि ती नेमक्या १०० युनिटांच्या ग्राहकाला मिळत नव्हती. बिलाच्या आकड्याकडेच पाहत राहिलो असतो, तर ते निसटले असते. तेव्हापासून मागणीपत्रात ‘पर्यंत’ दिसले की ‘धरून की सोडून?’ हे मी आधी विचारतो, चाचणी मागाहून लिहितो.

आणखी एक. दोन आकडे पुरतात की तीन, यावरही मतभेद आहेत. ‘१०० किंवा त्याहून कमी’ऐवजी कोणी चुकून ‘बरोबर १००’ लिहिले, तर या सीमेवरच्या १०० आणि १०१ या दोन्ही चाचण्या पार होतात. ९९ टाकल्याशिवाय ती चूक उघडी पडत नाही. म्हणून जेथे पैशांचा किंवा पात्रतेचा प्रश्न असेल, तेथे मी तीन घेतो.

मूळ प्रश्नकर्ती : आपणा सर्वांचे आभार. टिपणात ‘सीमामूल्य चाचणी’ हीच संज्ञा ठेवते आहे. उदाहरणात मी ‘१८ ते ६० वयापर्यंत’ असे लिहिले होते. त्यात ‘ते’ आणि ‘पर्यंत’ एकावर एक चढले आहेत, हे आत्ता लक्षात आले. आता वाक्य असे केले आहे : ‘अर्जाच्या दिवशी १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत व ६१ वर्षे पूर्ण झालेली नसावीत.’ तपासायची वये १७, १८, १९, ५९, ६०, ६१. साठ वर्षे अकरा महिन्यांचा अर्जदार यात बसतो. तो बसावा असेच विभागाला हवे आहे का, हे मात्र सोमवारी विचारावे लागेल.