कॉन्ट्रॅक्ट न घेता रोख फोन घ्यायचाय (अमेरिका) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला. नवरा आणि मी, दोन लाईनी, आठ वर्षं एकाच कंपनीकडे (नाव घेत नाही, उगाच धाग्याचं रणांगण नको), जुना प्लॅन, दोघांचे मिळून महिन्याला ९० डॉलर. माझ्या फोनची बॅटरी आता दुपारी दोनला मान टाकते, आणि नवऱ्याच्या फोनची काच मागच्या गणपतीत ढोल पथकाच्या गर्दीत फुटली तेव्हापासून तो सेलोटेप लावून चालवतोय आणि बोटाला काच लागली की चिडतो माझ्यावर. म्हणून शनिवारी दुकानात गेलो. बाहेर हा एवढा बोर्ड, नवीन फोन फ्री.

तर ते फ्री कसं ते ऐका. ८०० चा फोन, दर महिन्याच्या बिलात २२.२२ लावणार आणि तेवढेच क्रेडिट म्हणून वजा करणार, असं ३६ महिने. मधेच सोडून गेलात तर क्रेडिट बंद आणि राहिलेले पैसे एकदम भरा. शिवाय जुन्या प्लॅनवर ही ऑफर नाही, नवा भारीतला घ्यायचा, दोन लाईनींचे १४०. टॅक्स मात्र पूर्ण किमतीवर आणि आजच, म्हणजे फोनमागे ५३, वर प्रत्येकी ३५ ऍक्टिव्हेशन फी. मी विचारलं, अरे फुकट आहे ना, मग टॅक्स कसला? पोरगा गोड हसला आणि म्हणाला एव्हरीबडी आस्क्स दॅट.

घरी येऊन वाणसामानाच्या यादीमागे हिशोब मांडला. महिन्याला ५० जास्त, गुणिले ३६, झाले १८००. आणि दोन फोन रोख घेतले तर १६०० (टॅक्स दोन्हीकडे सारखाच). म्हणजे फुकटचा माल विकतच्यापेक्षा महाग! नवऱ्याला दाखवलं तर म्हणे हिशोब बरोबर आहे पण एकदम १६०० काढायला जिवावर येतं, बिलातून गेले की कळत नाहीत. आता यावर काय बोलणार.

तर मला विचारायचंय ते असं की कोणी असा सुटा, अनलॉक्ड (कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा) फोन घेतलाय का, कुठून घेतलात, आणि तो खरंच अनलॉक्ड आहे हे कसं बघायचं. दुसरं म्हणजे माझा भाऊ सांगलीहून सारखा म्हणतोय की इथून घेऊन पाठवतो, तिकडे कसलं कॉन्ट्रॅक्ट, दुकानात जायचं, पैसे टाकायचे, सिम घालायचं आणि घरी. तो फोन इथे चालेल का?

आणि तिसरं, जे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. भारतातल्या बँकेचा ओटीपी येतो माझ्या जुन्या भारतीय नंबरवर. ते सिम एका जुनाट फोनमध्ये आहे, पाठीला रबरबँड लावलेला, मसाल्याच्या खणात पडून असतो, आम्ही त्याला ओटीपीचा डबा म्हणतो. हळदीने पिवळा झालाय. एफडी मोडायची असली की आधी डबा चार्ज करा. नवीन फोनमध्ये ते सिम घालून हा डबा कायमचा काढता येईल का?

मिसळप्रेमी:
ताई, हिशोब एकदम करेक्ट. फक्त एक भर घाला, तुम्ही तुलना ९० च्या प्लॅनशी करताय, पण फोन स्वतःचा असला की ९० तरी कशाला? प्रीपेडवाल्या छोट्या कंपन्या इथल्या तीन मोठ्या कंपन्यांचेच (व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाईल) टॉवर भाड्याने वापरतात, २५ च्या आसपास एक लाईन मिळते. दोघांचे ५०, म्हणजे महिन्याला अजून ४० वाचले, तीन वर्षांचे १४४०. फोनचे पैसे जवळजवळ तिथेच निघाले. तोटा एवढाच की गर्दी झाली की आधी आपला डेटा मंदावतो. तुमच्या त्या ढोल पथकाचं लाईव्ह सांगलीला दाखवायला गेलात तर गोल गोल फिरत बसेल.

फोन थेट उत्पादकाच्या साईटवरून घ्या. आयफोन असेल तर कॅरिअर (म्हणजे मोबाईल कंपनी) निवडायच्या ठिकाणी 'नंतर जोडू' असा पर्याय असतो तो घ्या. बॉक्स उघडल्यावर सेटिंगमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे कॅरिअर लॉकपुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे. ते दिसेपर्यंत खोका फेकू नका. सॅमसंगच्या सुट्या अमेरिकन मॉडेलचा नंबर यू१ ने संपतो, नुसता यू असेल तर तो मोबाईल कंपनीवाला.

बँडबाजा:
सांगलीहून आणू नका असं म्हणेन. माझा अनुभव. पुण्याहून आणलेला चांगला २५ हजारांचा फोन, इथे सिम घातलं, नेट पळायला लागलं, मी खुश, आणि कॉल काही लागेना. कारण इथे २०२२ मध्ये तिन्ही कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, आता साधा कॉलसुद्धा फोरजीवरून म्हणजे व्होल्टीने जातो आणि ते त्या मॉडेलला त्या कंपनीने चालू करून दिलेलं असावं लागतं. त्यात बँडचं, म्हणजे सिग्नलच्या पट्ट्यांचं लफडं. टी-मोबाईलचा लांब पल्ल्याचा सिग्नल ६०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड ७१, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये तो नसतोच कारण तिकडे त्याचं काम नाही. शहरात चालेल, पोकोनोच्या डोंगरात गेलात की फोनचा दगड. शिवाय सॅमसंगसारख्यांची वॉरंटी त्या त्या देशापुरती. काच फुटली की भाऊ सांगलीत आणि तुम्ही इथे.

खडूस काका:
कॉन्ट्रॅक्ट म्हणजे अमेरिकेचीच मक्तेदारी समजू नका. भावाला म्हणावं २००३ आठव. रिलायन्सची मान्सून हंगामा, ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा, बाकीचे हप्त्याने. आमच्या गल्लीत दुधवाल्यापासून सगळ्यांच्या कमरेला पट्ट्यात तो फोन. आत सिम नाहीच, नंबर फोनातच कोंबलेला, त्यामुळे कंपनी बदलायची म्हणजे फोनच बदलायचा. आता तेच ३६ महिन्यांच्या कागदात गुंडाळून देतात. असो, चालू द्या.

मिसळप्रेमी:
काका 😄 माझ्या मामाकडे होता तो.
ताई, ओटीपीचं राहिलंच. इथे विकले जाणारे आयफोन १४ पासून पुढचे सगळे फक्त ई-सिमवर (फोनातच असलेलं, बाहेरून न घालायचं सिम) चालतात, सिम घालायला खाचच नाही. पिक्सेल १० पण इथे तसाच. म्हणजे तुमचं डब्यातलं सिम हातात घेऊन बसावं लागेल. सॅमसंग एस २५ च्या इथल्या मॉडेलमध्ये सिमचा ट्रे अजूनही आहे. भारतीय सिम ट्रेत, इथलं ई-सिम, झालं काम.

कृष्णाकाठ:
किंवा भारतीय नंबरच ई-सिम करून घ्या, पण ते भारतात गेल्यावर, इथून नको. कन्फर्म करायचे मेसेज जुन्या सिमवरच येतात, उत्तर लगेच द्यावं लागतं, काही अडलं तर कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) आधार कार्ड घेऊन उभं राहायचं. आणि सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, फसवणूक होऊ नये म्हणून तसा नियमच आहे. मला माहीत नव्हतं, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी केलं आणि ओटीपीवाचून लटकले, बाबांच्या औषधांचे पैसे शेवटी वहिनीने भरले.

अजून एक, इथला नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेताना जुनी लाईन आधी बंद करू नका, नंबर जातो. खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन मागून घ्या, नवीन कंपनीला द्या, जुनी आपोआप बंद होते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप खूप आभार, काका तुमचेही.

अपडेट देते. ट्रेवाला सॅमसंग घेतला, सुटा, यू१ बघून, आणि माझी एकटीची लाईन प्रीपेडला नेली. मसाल्याच्या खणातलं सिम पुसून त्यात घातलं, रोमिंग चालू ठेवलं, भारतीय सिमचा डेटा मात्र बंद केला, आणि बँकेत मुद्दाम चुकीचं लॉगिन करून पासवर्ड बदलायला घेतला. दीड मिनिटाने ओटीपी आला! नवऱ्याला हाक मारून दाखवला.

तो अजून सेलोटेपवरच आहे, म्हणे ब्लॅक फ्रायडेच्या (नोव्हेंबरातल्या) सेलला बघू. पण एक नवीन प्रॉब्लेम झालाय. दोनातली एक लाईन गेल्यावर त्याच्या एकट्याचं बिल ४५ यायला हवं ना, तर ६५ आलंय, कारण म्हणे एका लाईनीचा दर वेगळा. हे कोणाचं झालंय का? ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबवू की आत्ताच हलवू त्याला?