‘रडणं सोडा, जबाबदारी घ्या’ या पोस्टला उत्तर

निफाडकर

नाशिकच्या अंबडमधल्या एका उद्योजक भावाने काल लिहिलं की पस्तिशीनंतर माणसाने आई-बाप, सरकार आणि नशीब ही तीन नावं तोंडातून काढू नयेत. जो तो आपल्या आयुष्याचा मालक, आणि सगळ्यात रडका मालक म्हणजे शेतकरी. भाऊ सातपूरला कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि आज त्यांच्या स्वतःच्या दोन सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीन आहेत. त्याचा मला आदर आहे. पण ते शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. गारा पडल्या. द्राक्षबागेत मणी हरभऱ्याएवढे झाले होते. सकाळी गेलो तर पानांची चाळणी झालेली आणि वेलीखाली हिरव्या मण्यांचा सडा. चालताना पायाखाली फुटत होते, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा मी कोणाला दोष दिला नाही. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन टाकायचं दोन वर्षं मनात होतं, खर्च बघून मागे सरलो. तो निर्णय माझा होता, नुकसानही माझं.

मग म्हटलं, दीड एकर लाल कांदा आहे, त्यावर वर्ष काढू. बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, केंद्राची कांदा निर्यातबंदी आली. लिलाव बंद पडले. ट्रॅक्टर भरून उभा. लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत टाकून सहा महिने ठेवता येत नाही. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून गरम वाफ आली. शेवटी विकला तो क्विंटलमागे दीड हजार कमी घेऊन. आता यात मी कोणती जबाबदारी घ्यायची राहिली होती, एवढं सांगा. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि तेच ४० टक्के शुल्क लावून. कष्ट माझे, धोका माझा, आणि कांद्याच्या भावाचा निर्णय दुसऱ्याचा. मग त्या दुसऱ्याचं नाव मी का घ्यायचं नाही?

अंबडकर

दादा, गारांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण कांद्याचं पटलं नाही. बंदी काय पहिल्यांदा आली होती का? सप्टेंबर २०१९ ला आली, सप्टेंबर २०२० ला परत आली. भाव चढला की दिल्ली बंदी घालते हे लासलगावच्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. ज्याला धोका माहीत आहे आणि तरीही दर वर्षी तेच पीक तेवढंच घेतो, त्याने ‘माझा अंदाज चुकला’ असंच म्हणायला पाहिजे.

माझी बिलं कधी कधी १२० दिवस अडकतात. कायद्यात लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या असं लिहिलंय. २००९ ला मंदीत दोन महिने शॉपमध्ये एक काम नव्हतं, बायकोचं मंगळसूत्र ठेवून पगार केले. मी हायवेवर झोपायला गेलो नाही. नवीन गिऱ्हाईक शोधलं.

निफाडकर

म्हणजे अन्याय नेहमीचा झाला की तो हवामान होतो? गार आभाळातून पडते, बंदीवर सही होते. हायवेवर झोपायचं म्हणता, तर चांदवडला रस्ता अडवला तेव्हा मीही होतो आणि त्याची मला लाज नाही. दुसरं पीक सांगा ना. टोमॅटो घेऊन क्रेटचं भाडं सुटलं नाही, असंही वर्ष काढलंय. काही वर्षं घालून बाग उभी करायची आणि रातोरात गिऱ्हाईक बदलायचं, हे मशीनवर जमतं, मातीत जमत नाही.

सातपूरचा फिटर

३१ वर्षं कारखान्यात काढली, म्हणून अंबडकरांना थेट विचारतो. तुम्ही हेल्पर लागलात तेव्हा मशीनला हात कोणी लावू दिला? आमच्या वेळी आयटीआयचा पोरगा आला की जुना ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत त्याला शेजारी उभं करायचा, मापाचं व्हर्नियर हातात द्यायचा. पोराने जॉब बिघडवला तर बोलणी ऑपरेटर खायचा. त्याचा पगार वाढत नव्हता त्याने. तुमच्या पोस्टमध्ये तो माणूस कुठेच दिसला नाही.

आणि आज तुमच्याकडची पोरं ठेक्यावर आहेत का कायम? सात महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेतलेल्या पोराला ‘आयुष्याचा मालक हो’ म्हणून सांगणार का?

अंबडकर

काका, वयाचा मान ठेवून सांगतो, माझ्या शॉपमध्ये येऊन बघा आणि मग बोला. चार पोरं आहेत, चौघांचा पीएफ भरतो. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या घरी दिवाळीला आजही जातो. ते पोस्टमध्ये लिहिलं नाही ही चूक, मान्य. पण त्यांनी माझ्यासारख्या दहा जणांना शिकवलं. त्यातले सहा अजून हेल्परच आहेत. हा फरक कुठून आला?

सातपूरचा फिटर

त्या सहांपैकी कोणाच्या घरी आजारपण होतं, कोणावर तीन बहिणींची लग्नं होती, हे विचारलंत का कधी?

पाथर्डी फाटा

जबाबदारीचं निघालंच आहे तर खड्ड्यांवर पण बोला. जुलैत पावसाच्या पाण्यात खड्डा दिसला नाही, गाडीवरून पडलो, मनगटात प्लेट टाकली. हेल्मेट होतं, वेग तीसच्या आत होता, लायसन्स होतं. माझ्या बाजूने जे करायचं ते सगळं केलं होतं. मुद्दा वेगळा वाटेल, पण माझ्या डोक्यात हाच आहे.

सिडकोची ताई

सकाळपासून वाचतेय. पुरुषमाणसं भांडताहेत की जबाबदारी कोणाची. आमच्याकडे हा प्रश्नच कधी आला नाही, ती आमचीच असायची.

नवऱ्याची दारू सुटेना तेव्हा मी डबे सुरू केले. पहाटे चारला उठून १२० पोळ्या. पहिला महिना उजव्या हाताचा अंगठा रात्री वळायचा नाही, कोमट पाण्यात बुडवून बसायचे. डबे पोचवून आले की मुक्त विद्यापीठाची पुस्तकं. रविवारी अभ्यासकेंद्र. एका विषयात दोनदा नापास झाले आणि तरीही बी.ए. पूर्ण केलं. त्यामुळे अंबडकर भाऊ म्हणतात त्यातलं निम्मं मला पटतं. मी नवऱ्याच्या सुधारण्याची वाट बघत बसले असते तर आज पोरगी नर्सिंगला नसती. कोणीतरी येईल आणि उचलेल, असं होत नाही. आपणच उठावं लागतं.

पण मी उठू शकले कारण पोरीला सासूने सांभाळलं. स्वतःच्या पोराच्या विरोधात उभी राहून सांभाळलं तिने. हे सांगितल्याशिवाय माझी गोष्ट मी कोणाला सांगत नाही.

आता निफाडकर दादांना विचारते. मण्यांचा सडा पडला तेव्हा बागेत वहिनी पण असतील. विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), कांद्याची लागवड, यात त्यांचा हात असेलच. तुम्ही लिहिलंत ‘कष्ट माझे, धोका माझा’. सातबाऱ्यावर वहिनींचं नाव आहे का?

निफाडकर

ताई, विषय कांद्याचा चालला होता. आमच्या घरात तुझं-माझं नाही. पैसे तिच्याच हातात असतात. सातबारा वडिलोपार्जित आहे, मी काय त्यावरून तिला हाकलणार आहे का? हे विनाकारण घरात घुसणं झालं.

सिडकोची ताई

घरात घुसले नाही दादा, तुमच्याच वाक्यात घुसले. कांद्याच्या भावावर तुमचा हक्क नाही म्हणून तुम्ही रस्त्यावर उतरलात, बरोबर केलंत. जमिनीवर हक्क नसलेली बाई कुठे उतरणार? माझ्या मावशीला नवरा गेल्यावर गावच्या सोसायटीचं पीककर्ज मिळेना, वारस नोंद होईपर्यंत दीरांच्या तोंडाकडे बघत बसली. तिलाही लोक म्हणायचे, पायावर उभी राहा. उभं राहायला पायाखाली काही लागतं की नाही?

येवल्याचा शेतकरी

ज्या चांदवडचा रस्ता तुम्ही अडवला, त्याच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. माझी आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती, भाकरी बांधून. एवढ्या बायका मी आयुष्यात पुन्हा एका जागी बघितल्या नाहीत. संघटनेच्या शरद जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली, नवऱ्याने राजीखुशीने जमीन बायकोच्या नावे करायची. आमच्या वडिलांनी एक एकर केली. भावकीत हसले लोक. आई गेली तोपर्यंत त्या एकराचा पट्टा तिच्या नावावर होता. त्या एकरात काय लावायचं ते ती ठरवायची, आणि आम्ही विचारायला जायचो. कांद्याच्या भावाचं आंदोलन आणि बाईच्या नावाचं आंदोलन एकाच माणसाने एकाच जिल्ह्यात चालवलं. आपण भावाचं तेवढं लक्षात ठेवलं.

अंबडकर

धागा माझ्या पोस्टवरून निघाला आणि आता सातबाऱ्यावर गेला. असो. ‘रडका मालक’ हे वाक्य मी पोस्टमधून काढतो, ते लिहायला नको होतं. आणि मला शिकवणाऱ्या वस्तादांचं नाव त्यांना विचारून टाकतो. बाकी एक शब्द बदलणार नाही. ताईंची गोष्ट माझ्याच बाजूची आहे, त्या मानोत न मानोत.

सिडकोची ताई

नाही मानत. माझ्या सासूला तुम्ही परत वगळलंत.

निफाडकर

रात्री जेवताना बायकोला हा धागा वाचून दाखवला. वाटलं होतं ती म्हणेल, काय लोकांचं मनावर घेता. ती ताट उचलता उचलता म्हणाली, “बावीस वर्षं झाली, विचारलं कोणी नाही म्हणून बोलले नाही.” मग भांडी घासायला गेली. मी ओट्यावर बराच वेळ बसून होतो.

कांद्याबद्दल जे लिहिलं त्यातलं काही मागे घेत नाही. अंबडकरांशी माझं भांडण तसंच आहे. पण ताईंना मी काल चिडून बोललो, ते चुकलं. तहसीलला काय करावं लागतं?

येवल्याचा शेतकरी

१९९२ पासून शासनाची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतः तहसीलदाराकडे अर्ज करायचा, बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. चालू सातबारा उतारा बरोबर न्या.

सिडकोची ताई

आणि नोंद मंजूर झाली की लगेच नवीन उतारा काढून वाचा दादा. नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, रकान्यात आलं पाहिजे. आमच्या मावशीचं ‘इतर हक्का’त लागलं होतं, आणि चार वर्षं कोणी बघितलंच नाही.