अनुभव धागा: सवाईला टोळीने जाताना

माळ्यावरून

माळा आवरताना सतरंजीची गुंडाळी हाती लागली. उलगडली तर आत दोन सेफ्टी पिना, ओडोमॉसची चपटी झालेली ट्यूब आणि कुणाच्या तरी अक्षरात "थर्मास + झाकण!!" लिहिलेली चिठ्ठी. म्हणजे डिसेंबर जवळ आला. घरातली पुढची पिढी यंदा मित्रमंडळींबरोबर पहिल्यांदा सवाईला (पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव, शास्त्रीय संगीताचा, पाच दिवसांचा) बसणार आहे, सहा जण, भारतीय बैठक म्हणजे जमिनीवर. "न्यायचं काय?" एवढंच विचारतात. जाणकारांनी लिहा. आठवणी नकोत, कामाचं सांगा.

सुरुवात जमिनीपासून करतो. मंडपवाल्याचं जाजम असतं, पण त्याखाली मैदान आहे आणि रात्री आठनंतर ते खालून गारवा सोडायला लागतं. स्वेटर कितीही जाड घाला, बुडाकडून थंडी येतेच. सगळ्यात खाली प्लास्टिक (जुना शॉवरचा पडदा उत्तम), त्यावर फोमची योगा मॅट, त्यावर सतरंजी. फोम वर ठेवला तर घसरतो आणि प्लास्टिक विसरलात तर ओल सतरंजीत चढते. एका मांडीला दोन बाय अडीच फूट धरा. सहा जणांना तीन-तीनच्या दोन ओळी, म्हणजे सहा बाय पाच फूट. त्याहून मोठं अंथरलंत तर शेजारच्या काकू बोलतील, आणि बरोबरच बोलतील.

पेठी

हवेची उशी नेत असाल तर अर्धीच फुगवा. पूर्ण फुगवली की माणूस चेंडूवर बसल्यासारखा डुलतो आणि मागच्याला वाटतं समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) मान हलतेय

खर्जातली

@पेठी 😂😂

माझा मुद्दा रागांचा. प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली असते. सहा जण पाचही दिवस येणार नसतील तर दिवस निवडताना नुसती कलाकारांची नावं बघू नका, घड्याळ बघा. गेली काही वर्षं पहिले दिवस दुपारी ३ च्या आसपास सुरू होतात, शनिवारी रात्री १२ वाजेपर्यंत चालतं आणि रविवार दुपारी १२ ला सुरू होतो. म्हणजे सारंगाचे प्रकार हवे असतील (शुद्ध, गौड, वृंदावनी) तर ते रविवारी पहिल्या कलाकाराकडेच. एरवी ३ ला सुरू झालं की मुलतानी, भीमपलासी, मधुवंती. डिसेंबरात पुण्यात सूर्य साधारण ६ ला मावळतो, त्याच्या आगेमागे जो बसेल त्याच्याकडून मारवा, पूरिया, श्री अपेक्षा ठेवा. ७ नंतर यमन-कल्याणाची वेळ. मालकंस-दरबारी रात्री उशिराचे, म्हणून त्यातल्या त्यात शनिवारी शेवटी बसणाऱ्याकडे आशा.

तोडी, ललत हे सकाळचे राग? ते सवाई रात्रभर चालायचं तेव्हाचं. आता पहाट होतच नाही.

नवा_श्रोता_२

रात्रभर का बंद झालं? (खरंच माहीत नाही, हसू नका)

माळ्यावरून

हसत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार सण-सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, आणि त्यात गणपती-नवरात्र सगळं आलं. म्हणून एखादाच दिवस १२ पर्यंत मिळतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की शेवटच्या कलाकाराला मागे सरकायला जागा नाही. आधीचे लोक लांबले की कात्री शेवटच्याला. "मुख्य नाव शेवटी आहे, आपण ९ ला जाऊ" असला हिशेब करू नका. निदान आधीच्या एका कलाकारापासून बसा.

मिक्सरमागे

आवाजाबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून मी.

लोक स्टेजजवळ बसायला धावतात. समोरच्या कोपऱ्यात, मुख्य स्पीकरच्या तोंडाशी बसलात तर एकाच बाजूचा आवाज आणि तारसप्तक (वरचे सूर) कानात टोचतं. अगदी पुढे मध्यावर बसलात तर स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे फेकत असतात, तुम्हाला स्टेजवरचे मॉनिटर (कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेले स्पीकर) जास्त ऐकू येतात. मंडपाच्या मध्यरेषेवर जिथे ध्वनिसंयोजकाचं टेबल असतं त्याच्या आसपासची जागा सगळ्यात चांगली, कारण तो स्वतः तिथे जे ऐकतो त्यावरूनच सगळं लावतो. एवढं साधं आहे.

मागे बसणाऱ्यांसाठी: मंडपात मध्ये मध्ये जादा स्पीकर असतात, त्यांना आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरला एक दशांश सेकंद. हा उशीर नीट लावला नसेल तर तबल्याचा "ना" दोनदा ऐकू येतो. तसं होत असेल तर त्या मधल्या स्पीकरच्या रेषेत बसू नका. त्याच्या थोडं मागे आणि मध्याकडे सरका, बरंच कमी होतं. पडद्यावर बोटं आणि कानात आवाज जुळत नसेल तर डोळे मिटा, नाहीतरी तेच करायचं असतं 🙂

आणि प्रत्येक कलाकाराची पहिली दहा मिनिटं आवाज लागायचीच असतात. तेवढ्यात "साऊंड बेकार" म्हणून मेसेज टाकू नका.

वऱ्हाडी_ठेचा

मेसेज जाईल तर ना भौ. हजारो माणसं एका मैदानात, डेटा ठप्प. सहा जणांची टोळी फुटली की फुटली. आधीच ठरवा: कोण कुठला खांब, कोणतं फाटक, आणि किती वाजता. "चहाच्या स्टॉलपाशी भेटू" म्हणू नका, स्टॉल दहा असतात. व्हॉट्सॲप लटकलं की साधा एसएमएस करा, तो कमी जोरावरही निघून जातो. फोन करायचा तर मध्यंतर संपत आलं की, सुरू होताच सगळेच करतात.

तिखटमीठ

डब्याचं कुणी लिहिलं नाही?? काय हे.

बाहेर स्टॉल असतात, पण मध्यंतराला रांग लागते आणि तुम्ही परत येईपर्यंत आलाप संपलेला असतो. (आत डबा-बाटली नेऊ देतात का ते त्या वर्षीच्या सूचनेत आधी बघा.) तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, धपाटे, गूळपोळी. चिवडा, वेफर, शेंगदाणे नको, कुरुमकुरुम होतं. लसणाची चटणी घरी. संत्रं सोललं की दहा माणसं वळून बघतात. डबा स्टीलचा असेल तर झाकणाखाली कागद लावून आणा, खण्ण होत नाही. आणि उघडायचा तो द्रुत (जलद लय) चालू असताना. विलंबितात (संथ लयीत) दोन मात्रांच्या मध्ये सगळं ऐकू येतं.

चहा: थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओता, मग चहा भरा, आणि गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला लवकर निवतो. दुधाचा चहा ३ ला भरून ९ ला प्यायचा तर वास येतो. कोरा चहा साखर-आलं घालून न्या, दूध वेगळं किंवा पावडर.

पेठी

गूळपोळी संक्रांतीची ना ताई, डिसेंबरात कुठून

तिखटमीठ

गूळ मिळतो, तीळ मिळतात, पोळी लाटता येते. कुठला कायदा आहे?

खर्जातली

धपाट्याला ज्वारी-बेसन-गहू किती घेता? आमचे दुसऱ्या दिवशी चामड्यासारखे होतात

तिखटमीठ

ज्वारी दोन वाट्या, बेसन अर्धी, कणीक अर्धी. पाण्याऐवजी दह्यात भिजवा, दोन चमचे तेल मोहन. भाजताना गॅस मोठा ठेवा, मंद आचेवर वाळतात म्हणून चामडं होतं. गरम असतानाच कापडात गुंडाळा.

डग्गा_उतरला

धपाट्यातून परत तबल्यावर येऊ या का 😄

पहिल्यांदा येणारी मंडळी विचारतात, दोन कलाकारांच्या मध्ये एवढा वेळ कशाला लागतो. पुरुष गायक काळी एकच्या (पेटीवरची पट्टी) आसपास, बायका काळी चार किंवा पाच. म्हणजे सगळा षड्जच (मूळ सा) बदलतो. तानपुरे नव्याने लागतात, तबलजी वेगळ्या तोंडाचा तबला काढतो. मोठा फरक हातोडीने गट्ठ्यांवर (वाद्यांमधल्या लाकडी ठोकळ्यांवर) ठोकून, बारीक फरक गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या विणलेल्या कड्यावर). हे उघड्यावर दोनदा-तीनदा करावं लागतं, कारण थंडीत तार आक्रसते आणि सूर वर जातो, उलट दमट हवेत कातडं ओल पितं, सैल पडतं आणि सूर उतरतो. दवाच्या रात्री सतार चढते नि तबला उतरतो, दोघं उलट्या दिशांना. त्यात स्टेजवरच्या दिव्यांची उष्णता हे सगळं पुन्हा फिरवते. म्हणून आत लावून आणलेली वाद्यंही बाहेर येऊन परत लावतात.

तेव्हा त्या वेळात टाळ्या वाजवून घाई करू नका. उठायचं, पाय मोकळे करायचे, स्वच्छतागृहात जाऊन यायचं ते याच वेळात. मधल्या मोठ्या मध्यंतरात नाही, तेव्हा सगळं पुणं तिथेच असतं.

नवा_श्रोता_२

हे भारी आहे. म्हणजे ती ठकठक ऐकत बसायची असते तर!

डग्गा_उतरला

हो. लक्ष ठेवा, तानपुरा जुळला की एक क्षण येतो, मंडपातली कुजबुज आपोआप थांबते. कुणी सांगत नाही.

गुडघेदुखी_संघ

मांडी न जमणाऱ्यांचं काय? ५५+ आहे.

माळ्यावरून

काका, सरळ खुर्चीचं तिकीट घ्या, अभिमान बाजूला ठेवून. बैठकीतच बसायचं असेल तर कडेची, वाटेलगतची जागा. तिथे पाय लांब करता येतो आणि उठताना कुणाच्या डब्यावर पाय पडत नाही. दर पाऊण तासाला बसण्याची पद्धत बदला. एक उशी गुडघ्याखाली, पाठीमागे नाही. जमिनीवर टेकवायची पाठवाली घडी खुर्ची नेऊ देतात का ते विचारून घ्या, कारण तिची पाठ मागच्याच्या बरोबर डोळ्यांत येते.

वऱ्हाडी_ठेचा

जागा धरण्याबद्दल. यष्टीत रुमाल टाकतात तसं सहा जणांची जागा एकट्याने धरू नका, भांडण ठरलेलं. दोघं लवकर या, उरलेल्या चौघांची जागा धरा, ते अर्ध्या तासात पोचलेच पाहिजेत. पाळी लावा, एका वेळी दोनच जण बाहेर. आणि उंच माणूस मागच्या ओळीत, ही लोकशाही नाही.

बाणेरकर

गाडीचं सांगतो. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात असतं, अजूनही कुणीतरी सवयीने रमणबागेत (आधीच्या जागी) जाऊन उभा राहतो. चारचाकी आणूच नका, आतल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि १० ला सगळे एकदम सुटतात. पिंपरीकडून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, तिथून चालत किंवा रिक्षा. फक्त शनिवारी १२ ला सुटल्यावर मेट्रो धरता येणार नाही, तेव्हा त्या दिवशी परतीची सोय आधी. रिक्षा ॲपवरून बोलवायची तर गेटपासून दोन-तीन चौक चालत जा, मग मिळते.

सनबर्नवाली

मी चुकीच्या धाग्यावर आलेय बहुतेक 😅 आम्ही सनबर्नला जातोय, ईडीएम (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत). पण जमीन, पाणी, टोळी फुटणं सगळं तेच दिसतंय. कानाचं काही?

मिक्सरमागे

चुकीचा नाही, बसा. कानाचा हिशेब असा: ८५ डेसिबलला ८ तास चालतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. अशा ठिकाणी पुढच्या भागात तेवढा आवाज सहज असतो. फोमचे स्वस्त बोळे वरचे सूर जास्त खातात म्हणून सगळं गुबगुबीत ऐकू येतं. संगीतासाठी मिळणारे फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळीकडून सारखं कमी करतात. फोमचेच घालणार असाल तर बारीक वळून, कान वर ओढून आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरा. नाहीतर कानात नुसते लटकतात. मधे मधे स्पीकरपासून लांब जाऊन दहा-पंधरा मिनिटं बसा.

सवाईला प्लग लागत नाहीत. कानटोपी लागते.

सनबर्नवाली

धन्यवाद दादा! कानटोपी घालून टेक्नो 🙏

पेठी

कानटोपीवरून. लोकरीची कानावर घट्ट बसली की वरचे सूर जातात. मफलर सैल गुंडाळा, कान अर्धे उघडे. शाल दोन पातळ घ्या, एक जाड नको. दुपारी ३ ला मंडपात उकडतं आणि रात्री हुडहुडी भरते, एकाच जाड स्वेटरचं काहीच करता येत नाही. संध्याकाळी ६ ते ७ डास. ओडोमॉस घोट्यांना, मांडी घातली की तिथंच चावतात.

खर्जातली

शेवटच्या दिवशी शेवटचं गाणं संपलं की लगेच सतरंजी झटकू नका, हे राहिलं. सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीतली ठुमरी वाजवतात, ध्वनिमुद्रिका. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ ला गेले, शिष्य भीमसेन जोशींनी गुरूंच्या नावाने १९५३ पासून हे सुरू केलं, त्यामुळे शेवट गुरूंच्या आवाजावर. जुन्या तबकडीची खरखर असते, आवाज बारीक असतो, त्यात तुमच्या पिशवीची चेन नको.

नवा_श्रोता_२

नोंद केली. यादीत "चेन उघडी ठेवा" लिहितोय.

गुडघेदुखी_संघ

खुर्चीचंच घेतो मग. @तिखटमीठ ते धपाटे दह्यात भिजवले तर सहा तास आंबत नाहीत का?

तिखटमीठ

ताजं दही घ्या, आंबट नको. थंडीत काही होत नाही हो. पाठवू का दोन?