बॉक्स थेट टीव्हीला जोडलाय का?

टीव्हीवर चित्र दिसतं, पण डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये काहीच उतरत नाही म्हणताय, म्हणजे सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने थेट टीव्हीलाच लावलेला असणार. आमच्याकडे कोथरूडला हेच झालं होतं. रेकॉर्डरला एचडीएमआय असलं तरी ते चित्र बाहेर पाठवायला. आत घ्यायला जुन्या तीन पिनाच. पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. बॉक्सच्या 'आउट'मधून रेकॉर्डरच्या 'इन'मध्ये, आणि त्याच्या 'आउट'मधून टीव्हीत. रेकॉर्डरवर चॅनेल शोधत बसू नका. 2013 मध्ये पुण्यात केबल डिजिटल झाली तेव्हापासून त्यातला चॅनेल पकडणारा जुना अ‍ॅनालॉग ट्यूनर शोभेचा. इनपुट एल-1 किंवा एव्ही-1 निवडा.

नव्या टीव्हीला पिवळं भोक सापडत नसेल तर हिरव्यावर 'व्हिडिओ' लिहिलंय का बघा, बऱ्याचदा पिवळ्या आणि हिरव्या वायरला मिळून एकच भोक असतं. मी टॉर्च घेऊन अर्धा तास टीव्हीमागे डोकं घालून बसलो होतो, बायको हसत होती. वायर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळेल.

आणि हो, रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' करा, म्हणजे रेकॉर्डरच्या मेनूतून पक्की करून बंद करा, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. एसपी मोडला, म्हणजे नेहमीच्या 'स्टँडर्ड प्ले' दर्जाला, एका 4.7 जीबी डिस्कवर साधारण 2 तास बसतात.