मुंजीचं शूटिंग: हँडीकॅमचं ५०आय, मोबाइलचं ३०पी आणि टीव्हीवर न चालणारी फाइल

चकली_कडबोळी:

नमस्कार मंडळी. मुंजीचं शूटिंग घरीच एडिट करून पेनड्राइव्हवर द्यायचं आहे. सामान असं आहे.

हँडीकॅम एव्हीसीएचडी (हँडीकॅमची रेकॉर्डिंगची पद्धत), १०८०आय ५०, सेकंदाला २४ मेगाबिटवर. फाइली एमटीएस. मुख्य विधीचा सलग टेक कॅमेऱ्याने आपणहून दोन फाइलींत तोडला आहे. शिवाय दोन मोबाइल: एक १०८०पी ३० (सेकंदाला ३० पूर्ण फ्रेमा), दुसरा ४के ३०, त्यात एचडीआर (उजेड-अंधाराची जास्त व्याप्ती टिपणारा मोड) चालू राहिलं होतं. गुरुजींजवळ वेगळा साउंड रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झ. एडिटिंग विंडोजवर, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटरच्या फुकट आवृत्तीत.

अडचणी: हात हलला की हँडीकॅमच्या चित्रात आडव्या रेषा येतात. दोन एमटीएस जोडल्या तिथे मंत्र अडखळतो. पहिल्या मोबाइलचा आवाज दहा मिनिटांनी ओठांच्या मागे पडतो, आणि त्यातच हॉलच्या ट्यूबलाइट फडफडतात. ४के वालं चित्र पांढुरकं दिसतं. एवढं करून १०८०पी ५० एक्सपोर्ट केलं तर लॅपटॉपवर छान, पण जुना फुल एचडी टीव्ही यूएसबीवरून फाइल घेतच नाही. कुठून सुरुवात करू?

फ्रेमचौकट:

सुरुवात कार्डापासून. एमटीएस फाइली एकेक उचलू नका, कार्डावरचं 'प्रायव्हेट' नावाचं अख्खं फोल्डर कॉपी करा. कोणती फाइल कुठल्या टेकचा पुढचा भाग आहे ही नोंद शेजारच्या छोट्या फाइलींत असते, एमटीएसमध्ये नाही. टेक तुटतो तो एफएटी३२ (कार्डावर फाइली मांडायची पद्धत) च्या एका फाइलीला ४ जीबी या मर्यादेमुळे. काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात.

जोडताना एडिटरमध्ये दोन तुकडे शेजारी ठेवले की सांध्यावर आवाजाची एखादी फ्रेम गळते. ध्वनीच्या फ्रेमा आणि चित्राच्या फ्रेमा एकाच क्षणी संपत नाहीत, म्हणून. टीएसमक्सर हे फुकट साधन घ्या. पहिली फाइल 'अ‍ॅड' करा, दुसरी 'जॉइन' करा ('अ‍ॅड' नव्हे), आउटपुट टीएस ठेवा. री-एन्कोड (चित्र नव्याने दाबणं) होत नाही, त्यामुळे क्वालिटी तीच राहते आणि काम काही मिनिटांत आटोपतं. हे फक्त तुटलेल्या टेकसाठी. वेगवेगळे टेक सुटेच असू द्या.

आता रेषा. १०८०आय ५० म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या प्रतिमा, प्रत्येकीत ५४० ओळी, आणि दोन अर्ध्यांमध्ये १/५० सेकंदाचं अंतर. एडिटर त्या दोन्ही एकत्र दाखवतो, म्हणून हललेल्या हाताला कंगव्याचे दात फुटतात. रिझॉल्व्हमधलं डीइंटरलेस (अर्ध्या प्रतिमांच्या पूर्ण फ्रेमा करणं) विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, फुकटात नाही. तेव्हा आधी हँडब्रेक या फुकट रूपांतरकामधून काढा. फिल्टर्समध्ये इंटरलेस डिटेक्शन बंद, डीइंटरलेस 'बीडब्ल्यूडीआयएफ', प्रीसेट 'बॉब' (प्रत्येक अर्ध्या प्रतिमेची एक पूर्ण फ्रेम). व्हिडिओ टॅबमध्ये एक्स२६४ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारा एन्कोडर), आरएफ १६ (क्वालिटीचा आकडा), फ्रेमरेट ५० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट'. क्रॉपिंग ऑटोवर सोडू नका, शून्य करा. ऑडिओ एएसी, ३२० किलोबिट. एव्हीसीएचडीतला आवाज बहुधा एसी-३ असतो आणि काही एडिटरांत तो मुकाच येतो, तोही प्रश्न इथेच मिटतो.

'बॉब'ला महत्त्व आहे. तो न घेता २५ ला रूपांतर केलंत तर हालचालीची निम्मी माहिती तिथेच फेकली जाते. नंतर ती कशानेही परत येत नाही.

पहिल्या मोबाइलचा आवाज घसरतो कारण मोबाइल ठरलेल्या गतीने फ्रेमा लिहीत नाही. उजेड कमी झाला की २४-२५ वर येतो, वाढला की पुन्हा ३०. मीडियाइन्फो या फाइलीचा तपशील दाखवणाऱ्या साधनात फाइल उघडा, 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' दिसेल. तीही हँडब्रेकमधून काढा: फ्रेमरेट ३०, कॉन्स्टंट, डीइंटरलेस बंद. एडिटरमध्ये नेण्यापूर्वी हे करायचं. आधी कापून मग बदललंत तर सगळे कट सरकतील.

आणि रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनचा फ्रेमरेट पहिली क्लिप टाकण्याआधी ५० करून ठेवा. नंतर तो पर्याय राखाडी होतो, बदलता येत नाही.

सांगलीकर_२५पी:

बाकी सगळ्याला +१, पण ५० चा आग्रह कशासाठी? मोबाइलचं ३० हे ५० मध्ये बसवायचं म्हणजे एक फ्रेम दोनदा, पुढची दोनदा, तिसरी एकदा, असा लंगडा ठेका पडतो. आणि जुना टीव्ही २५पी मुकाट्याने चालवतो. मुंजीत पळापळ ती किती? २५ ला उतरा आणि मोकळे व्हा.

मोबाइलच्या क्लिपा दोन ढिगांत वाटा. ज्यांत कोणी बोलत नाही (रांगोळी, मांडव, पंगत, पाहुण्यांचे चेहरे) त्यांना 'क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये ३० ऐवजी २५ लावा. वेग ८३ टक्के होतो, प्रत्येक फ्रेम सरळ बसते, झटका शून्य. असल्या शॉटना थोडा संथपणा शोभतोच. बोलणं असलेल्या क्लिपा मात्र मूळ वेगातच ठेवाव्या लागतील. त्यांना रिटाइममध्ये ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेमा एडिटरने स्वतः रचणं) देऊन बघा. चेहऱ्यासमोरून हात गेला की तो वितळल्यासारखा दिसतो, तेवढा तुकडा 'निअरेस्ट'वर (जवळची फ्रेम जशीच्या तशी) आणा.

ट्यूबलाइटबद्दल: आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण झोके मावतात आणि उजेड सारखा येतो. मोबाइल ३०पी ला शटर १/६० धरून बसला की प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला कमी-जास्त उजेड येतो. फडफड ती हीच. झाल्यावर काढणं अवघड, कारण रिझॉल्व्हचं डीफ्लिकरही स्टुडिओतच आहे. हँडीकॅममध्ये तोच प्रसंग असेल तर तो शॉट वापरा. पुढच्या वेळी प्रो मोडमध्ये शटर १/५० ला कुलूप लावा. आयफोन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ इथे 'शो पाल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ चा पर्याय दिसतो. स्वस्त एलईडी पट्ट्यांची फडफड मात्र विजेच्या तालावर नसते, तिथे शटर पुढे-मागे करून डोळ्याने बघूनच ठरवायचं.

४के एचडीआर क्लिप हँडब्रेकच्या ८ बिट एक्स२६४ मधून काढू नका. भिंतीवर रंगांचे पट्टे उमटतील आणि पांढुरकेपणा तसाच राहील. सरळ रिझॉल्व्हमध्ये घ्या. कलर पेजवर 'कलर स्पेस ट्रान्सफॉर्म' लावा, ते फुकट आवृत्तीत आहे. इनपुट रेक २०२० आणि गॅमा एचएलजी (हे एचडीआरचे रंग-उजेडाचे मापदंड), आउटपुट रेक ७०९ आणि गॅमा २.४ (नेहमीच्या एचडी टीव्हीचे). मीडियाइन्फोत एचएलजीऐवजी 'पीक्यू' हा एचडीआरचा दुसरा प्रकार दिसला तर इनपुट गॅमा त्याप्रमाणे घ्या. आवाज घसरण्याची भीती या क्लिपलाही आहे, पण पाच-दहा सेकंदांचे तुकडे वापरलेत तर घसरायला वेळच मिळत नाही. एक फायदा मात्र करून घ्या: १०८० च्या टाइमलाइनवर ४के क्लिप दुपटीपर्यंत मोठी केली तरी फुटत नाही. एका शॉटमधून मुंजमुलाचा क्लोजअप वेगळा मिळतो.

लेव्हल४१:

२५ ला उतरायची घाई नको. टीव्ही अडतोय तो फ्रेमरेटवर नाही, लेव्हलवर.

एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत प्रत्येक लेव्हलला सेकंदाला किती १६×१६ चौकटी उलगडायच्या याची कमाल मर्यादा असते. १०८०पी च्या एका फ्रेममध्ये ८,१६० चौकटी. लेव्हल ४.१ ची मर्यादा २,४५,७६०, म्हणजे १०८०पी ला जेमतेम ३० फ्रेमा. ५० फ्रेमांना ४,०८,००० लागतात, त्यासाठी लेव्हल ४.२ हवी. बरेच जुने फुल एचडी टीव्ही ४.१ वर थांबतात. हँडब्रेकमध्ये लेव्हल ४.१ निवडून १०८०पी ५० काढणं ही नुसती पाटी बदलणं झालं. टीव्ही फाइल उघडेल, पण धाप लागून अडखळेल.

आता ७२०पी ५० चा हिशेब करा. फ्रेममध्ये ३,६०० चौकटी, सेकंदाला १,८०,०००. ४.१ मध्ये आरामात बसतं. आणि १०८०आय च्या एका फील्डमध्ये (अर्ध्या प्रतिमेत) मुळात ५४० च ओळी आहेत, त्यामुळे हलत्या चित्रात ७२० वर आणून तोटा नगण्य. सोवळ्याच्या काठाची नक्षी स्थिर शॉटमध्ये किंचित मऊ दिसेल, एवढंच. त्या बदल्यात हालचाल मूळ ५० चीच राहते. माझ्या मते हे २५पी पेक्षा कितीतरी बरं.

तेव्हा एडिट १०८०पी ५० वर करा. त्यातून एक मास्टर (उच्च दर्जाची मूळ प्रत) काढा, ४० मेगाबिट. मास्टरवरून हँडब्रेकमध्ये टीव्हीसाठी: १२८०×७२०, ५० कॉन्स्टंट, एक्स२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, सरासरी ८ मेगाबिट, मल्टिपास, ऑडिओ एएसी स्टिरिओ १९२ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. तासाला ३.७ जीबीच्या आसपास होतात, म्हणजे एफएटी३२ पेनड्राइव्हवर एक तास एका फाइलीत मावतो. त्याहून लांब असेल तर विधी आणि पंगत असे दोन भाग करा. पेनड्राइव्ह एक्सएफएटीत फॉरमॅट केला तर जुन्या टीव्हीला बहुधा वाचता येत नाही. एनटीएफएस पुष्कळदा चालतो, पण ज्याच्या घरी द्यायचं त्याचा टीव्ही कोणता ते आपल्याला माहीत नसतं.

टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराला 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' करायला सांगा. नाहीतर कडा कापल्या जाऊन खालची नावं अर्धी दिसतात.

चकली_कडबोळी:

लेव्हलचा हिशेब पहिल्यांदाच कळला, ७२०पी ५० ची दोन मिनिटांची चाचणी टीव्हीवर चालली. दोन गोष्टी राहिल्या. रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीला जुळवला तरी तासाभराने दोनशे मिलिसेकंद मागे-पुढे होतो. आणि दुसऱ्या घरी नवीन टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकवर तीच फाइल कॅमेरा फिरताना झटके देते.

फ्रेमचौकट:

तासाला दोनशे मिलिसेकंद म्हणजे दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक, लाखात पाच-सहा. बिघाड नाही, स्वस्त क्रिस्टलचं हे नेहमीचंच. क्लिपचा वेग बदलून दुरुस्त करू पाहाल तर ०.०१ टक्क्याची पायरीच मोठी पडते, तासाला ३६० मिलिसेकंद. त्यापेक्षा रेकॉर्डरचा ट्रॅक दर पंधरा मिनिटांनी, मंत्र थांबतो अशा जागी कापा आणि पुढचा तुकडा दोन-तीन फ्रेमा सरकवा. सांध्यावर चार फ्रेमांचा क्रॉसफेड. कोणाच्या कानाला कळत नाही.

आणखी एक. हँडीकॅम हॉलच्या मागे, गुरुजींपासून १५ मीटरवर असेल तर कॅमेऱ्याच्या माइकपर्यंत आवाज पोचायलाच ४४ मिलिसेकंद लागतात. दोन्ही आवाजांचे वेव्हफॉर्म (ध्वनीचे आलेख) तंतोतंत जुळवलेत तर रेकॉर्डरचा स्वच्छ आवाजही तेवढाच उशिरा वाजेल. जुळवून झाल्यावर तो ५० च्या टाइमलाइनवर दोन फ्रेमा आधी ओढा. त्यापेक्षा जास्त नको, ओठांआधी आलेला आवाज लगेच खटकतो.

लेव्हल४१:

स्टिक बहुतेक ६० हर्ट्झवर अडकली आहे. ५० चं चित्र ६० वर दाखवायला दर पाचवी फ्रेम दोनदा येते, सेकंदाला दहा ठेचा. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मॅच फ्रेमरेट' अशा अर्थाचा पर्याय चालू करा. कोडी हा प्लेयर वापरत असाल तर सेटिंग्ज, प्लेयर, व्हिडिओजमध्ये 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' ठेवा. फाइल सुरू होताना पडदा दोन सेकंद काळा होतो, ते व्हायलाच हवं. झालाच नाही तर स्टिक अजून ६० वरच आहे. मग ती बाजूला ठेवून पेनड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीत लावा, टीव्ही स्वतः ५० वर जातो.